महाड चार, कुडपण दोन

पोलादपूरच्या एसटी स्टँडासमोर किशोर शेलारचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर एक फळा आहे. वर्षातले दहा महिने त्यावर 'उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' असं लिहिलेलं असतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मात्र अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, कोण कोणाला किती सामन्यांत हरवणार, ते लिहिलेलं असतं. त्या दोन महिन्यांत फॉर्म भरून मिळत नाहीत असं नाही, पण ते गिऱ्हाइकाला तोंडाने विचारावं लागतं.

किशोर मूळचा कुडपणचा. दहावीनंतर मुंबईला गेला आणि नागपाड्यात एका छापखान्यात अकरा वर्षं राहिला. छापखान्याच्या मागे बास्केटबॉलचं मैदान होतं. संध्याकाळी सुटला की तो जाळीला नाक लावून उभा राही. उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे खेळायला त्याला कधी कुणी बोलावलं नाही आणि खेळाबद्दलचं त्याचं मत कधी बिघडलं नाही. पुढे छापखाना बंद पडला. बंद पडणार नाही, असं किशोर शेवटच्या दिवसापर्यंत सांगत होता.

हे त्याचं नेहमीचंच. लावलेली आंब्याची कलमं तीन वर्षांत धरतील म्हणाला, ती अजून विचार करताहेत. हायवेचं रुंदीकरण आपल्या अंगाने येईल म्हणाला, ते समोरच्या अंगाने गेलं. पोरगी झाली तेव्हा तो मुलाचं नाव ठरवून बसला होता. बायको मैना म्हणायची, की ह्यांनी ऊन पडेल म्हटलं की मी वाळवण आत घेते. आणि अशा माणसाने सलग सहा वर्षं प्ले-ऑफच्या अंतिम मालिकेचा निकाल आधी फळ्यावर लिहिला होता, तोही सामन्यांच्या आकड्यासकट. मालिका सात सामन्यांची. जो आधी चार जिंकेल त्याचा करंडक. चार-एक म्हणाला तर चार-एक, चार-तीन म्हणाला तर चार-तीन. आयुष्यात या एकाच बाबतीत त्याचा शब्द खरा होत होता. त्याला तो जपायचा होता. यापलीकडे त्याची काही महत्त्वाकांक्षा नव्हती.

सुरुवातीला फळ्यावर त्या टीमांची खरी नावं असत. शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या साळूबाईने एकदा विचारलं, "ही कुठची गावां रे? कोणाची सोयरीक हाय का तिथं?" सोयरीक नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. लोकांना आपलं वाटावं म्हणून किशोरने टीमांना तालुक्यातली आणि आसपासची नावं दिली. एक टीम समोरच्याला पुढे येऊच देत नसे, ती वरंध, कारण पावसाळ्यात तो घाट कोणालाच जाऊ देत नाही. एक टीम चारपैकी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत छान उभी असे आणि मग घाटातल्या दरडीसारखी धडाधड कोसळे, ती कशेडी. मोठ्या बाजारपेठेची, नामवंत खेळाडू गोळा करणारी टीम म्हणजे महाड. आणि ज्या टीमवर त्याने नागपाड्यापासून वीस वर्षं जीव टाकला, जिने त्या वीस वर्षांत एकदाही करंडक आणला नाही, तिला त्याने आपल्या गावाचं नाव दिलं. कुडपण. तिचं खरं नाव पोलादपुरात पुन्हा कुणी विचारलं नाही.

युक्ती नको तितकी यशस्वी झाली. दाखल्याला आलेली माणसं आपल्या गावाचं काय झालं ते बघून जाऊ लागली. वरंधकडचा एक गृहस्थ महाडला जाता-येता मुद्दाम वाट वाकडी करून पोलादपुरात उतरायचा आणि आपलं गाव पुढच्या फेरीत गेल्याचं वाचून समाधानाने चहा घ्यायचा. खेळ कोणता, हे त्याने विचारल्याचं कोणाला आठवत नाही.

खेळ कळणारा दुसरा माणूस एकच, किशोरचा चुलतभाऊ अनिल. अनिलची पोलादपूर ते कुडपण प्रवासी जीप. पहिली फेरी भरेपर्यंत सकाळी सहा ते आठ तो दुकानातल्या बाकावर बसे, आणि अमेरिकेतले सामने नेमके तेव्हाच चालत. चार वर्षं दोघांनी एका मोबाइलवर डोकी लावून ते पाहिले. किशोरने त्याला सगळं कबड्डीतून शिकवलं: बचाव म्हणजे साखळी, मध्ये घुसणारा म्हणजे चढाईवाला. चार वर्षांत अनिल कोण दमलाय, कोण मनातून हरलाय ते ओळखू लागला. किशोरला वाटायचं, आपल्यामागे हे ज्ञान कोणाकडे तरी राहील. वाटणं बरोबर होतं.

गेल्या वर्षी, वीस वर्षांनी, त्याची टीम अंतिम मालिकेत पोहोचली. समोर महाड.

किशोरने तीन दिवस विचार केला. मन म्हणत होतं कुडपण. पण कुडपणचा मुख्य गडी घोटा बांधून खेळत होता आणि महाडकडे लांब हाताचा एक बचाववाला होता, तो त्याला चौथ्या क्वार्टरमध्ये श्वास घेऊ देणार नव्हता. चौथ्या दिवशी त्याने फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिलं: महाड चार, कुडपण दोन. लिहिताना हात जड झाला, असं त्याने अनिलला सांगितलं आणि बचाववाल्याचं गणितही सांगितलं. अनिलने सगळं नीट ऐकून घेतलं.

दुपारी कुडपणच्या गावकीतले येसाजीतात्या सातबारा काढायला आले. तात्यांनी आधी फळा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. फेब्रुवारीत कबड्डीच्या स्पर्धेत कुडपणच्या पोरांना महाडच्या संघाने सर्वांसमक्ष लोळवलं होतं आणि ती जखम अजून ओली होती.

"किशा," तात्या म्हणाले, "आपल्या गावाच्या तोंडावर आपणच रेघ मारायची?"

किशोरने समजावलं, की हे अमेरिकेत आहे, नावं नुसती ठेवलेली आहेत.

"अमेरिकेत हाय तर अमेरिकेत जाऊन लिव. स्टँडासमोर शंभर गावची माणसां उतरतात. कुडपण हारनार, आणि लिवनारा कोण, तर कुडपणचाच शेलार."

सातबारा न घेताच तात्या गेले. संध्याकाळपर्यंत गावातून चार फोन आले. एकाने सौम्यपणे विचारलं, की महाडवाल्यांनी काही दिलंय का. मैनेशी पाणवठ्यावर कुणी बोललं नाही. किशोर म्हणत राहिला, की माझा सहा वर्षांचा शब्द आहे, खोटं कसं लिहू. हे त्याने अनिललाच सांगितलं, कारण बाकी कोणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल बाकावर बसला नाही, फळ्यासमोर उभा राहिला. "दादा, पूस ते," म्हणाला. "गाव मोठा का अमेरिका मोठी? आपल्याला गावात ऱ्हायचं हाय." मग त्याने साळूबाईकडून फडकं स्वतः भिजवून आणलं.

किशोरने पुसलं. लिहिलं: कुडपण चार, महाड तीन. साळूबाईने त्या दिवशी चहात आलं घातलं. येसाजीतात्या सातबारा घेऊन गेले.

मालिका महाडने जिंकली. चार-दोन. लांब हाताच्या बचाववाल्याने चौथ्या क्वार्टरमध्ये कुडपणच्या मुख्य गड्याला श्वास घेऊ दिला नाही. कुडपण गावात याचं कोणाला सुतक नव्हतं, कारण तोवर भाताची पेरणी आली होती. गावाला फळ्यावर मान हवा होता, तो मिळाला होता. निकालाशी गावाला कर्तव्य नव्हतं. सहा वर्षांचा शब्द एकट्या किशोरचा गेला. त्याला वाईट वाटलं, पण त्या वाईटात थोडी ऐटही होती: आपण तो गावासाठी दिला. खरा अंदाज दोघांनाच ठाऊक होता, त्याला आणि अनिलला. तेवढं त्याला पुरत होतं.

गणपतीत मुंबईची पोरं गावी आली. त्यांत पुतण्या स्वराज होता. तो घाटकोपरला राहतो आणि बास्केटबॉलचे बूट घालून शेणातून चालतो. आरतीनंतर तो हसत म्हणाला, "काका, यंदा तुमचा नेम चुकला. अनिलकाका भारी निघाले यार."

किशोरने विचारलं, अनिलचं काय.

काय म्हणजे, स्वराज म्हणाला, मुंबईच्या पोरांच्या ग्रुपवर अनिलकाकांनी मालिका सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. त्याने मोबाइल काढून ते बोलणं ऐकवलं. तारीख अनिलने फडकं भिजवून आणल्याच्या दिवसाची. वेळ त्याआधी वीस मिनिटांची.

आवाज अनिलचा होता. "पोरांनो, लिहून ठेवा. मन कुडपण म्हणतंय, पण मनाचं ऐकून खेळ कळत नाय. त्यांचा गडी घोटा बांधून खेळतोय. महाडचा तो लांब हातवाला त्याला चौथ्या क्वार्टरला श्वास घेऊ देणार नाय. महाड चार-दोन. हे बोलताना जीभ जड झाली, पण खरं ते खरं."

हाताच्या जागी त्याने जीभ घातली होती. बाकी वाक्यं जशीच्या तशी होती. खाली पोरांनी हात जोडल्याची आणि मुकुटाची चित्रं टाकली होती. एकाने लिहिलं होतं, की किशोरकाका गावाला घाबरले, अनिलकाका नाही घाबरले. त्यावर अनिलने अंगठा दिला होता.

 विसर्जनानंतर अनिल जीप धूत होता, तिथे किशोर गेला आणि त्याने विचारलं, असं का केलंस. अनिलने पाणी बंद केलं नाही.

"तू पुसलंस ना, दादा? पुसलेलं कोणाचं असतं? तू टाकलंस, मी उचललं."

"पूस म्हणालास तू."

"म्हणालो. तुझ्याच भल्याचं सांगितलं. गाव राहिला का नाय तुझ्या बाजूनं?" आणि मग मनापासून आश्चर्य वाटल्यासारखं तो म्हणाला, "एक तरी मला घेऊ दे की. तुझी सहा झाली."

 किशोरने घरी मैनेला सांगितलं, तर ती म्हणाली, की तुमच्या माणसांबद्दलच्या अंदाजाचं मी कधीपासून सांगतेय.

सात महिने गेले. अनिल सकाळी बाकावर बसेना; जीप पलीकडे चिंचेखाली उभी करी. एप्रिल आला. किशोरने फळ्यावर दाखल्यांची यादीच राहू दिली. पण प्ले-ऑफच्या आदल्या दिवशी अनिल आला, काही झालंच नव्हतं अशा रीतीने बसला आणि म्हणाला, "दादा, मुंबईची पोरं विचारतायत. पहिल्या फेरीत काय वाटतंय, कुडपण का वरंध?"

किशोर याच प्रश्नाची सात महिने वाट बघत होता. त्याच्या टीमने मुख्य गडी हिवाळ्यात दुसऱ्या टीमला देऊन टाकला होता. उरलेली पोरं कशीबशी शेवटच्या क्रमांकाने आत आली होती. समोर वरंध, पहिल्या क्रमांकाची. खरा अंदाज शेंबडं पोरही सांगेल: वरंध चार, कुडपण शून्य.

"कुडपण," किशोर म्हणाला. "चार-एक." आणि सात महिने घोटून तयार केलेलं कारण त्याने शांतपणे सांगितलं: मोठा गडी गेल्यावर उरलेली पोरं मोकळी होतात, वासरं सुटावीत तशी. वरंधला अडवायला समोर एकच मोठा गडी लागतो, पाच मोकळी पोरं ती कशी अडवणार.

अनिलने तिथेच, त्याच्यासमोर, मोबाइल तोंडाशी धरून सगळं मुंबईला सांगितलं. वासरांसकट. जाता जाता त्याने साळूबाईलाही सांगून टाकलं. आभार मानले नाहीत. किशोरला ते बरंच वाटलं.

पहिला सामना कुडपणने जिंकला. किशोर म्हणाला, होतं असं. दुसराही जिंकला. तिसरा हरले, तेव्हा त्याने नाश्ता नीट केला. चौथा सामना कुडपणने एकवीस गुणांनी घेतला आणि खरोखरच पाच पोरं पाच दिशांनी सुटलेल्या वासरांसारखी धावत होती. तीन-एक. मुंबईच्या ग्रुपवर अनिलला देव म्हणायला सुरुवात झाली, असं स्वराजने मोठ्या आपुलकीने कळवलं.

पाचव्या सामन्याला किशोर सहा वाजता शटर अर्धं वर करून एकटा बसला. शेवटची नऊ सेकंदं राहिली, गुण बरोबरीत, आणि कुडपणच्या सर्वांत लहान पोराला कुणी न अडवता टाकायच्या दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. उंचीने तो बाकीच्यांच्या खांद्याला लागत होता. असाच गडी कधीतरी आपल्या टीमला जिंकून देईल, असं किशोर नागपाड्याच्या जाळीपाशी उभा राहून स्वतःला सांगत आला होता. पोराने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला.

"चुकव," किशोर म्हणाला. मोठ्याने म्हणाला. "चुकव रे."

पहिला चेंडू जाळीत पडला. किशोरने मांडीवर मूठ आपटली आणि तेव्हा त्याला कळलं, की आपण कोणाच्या बाजूने बसलो आहोत. दुसराही पडला. वरंधचा शेवटचा चेंडू कडेला लागून बाहेर गेला. पडद्यावर ती पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली, आणि वीस वर्षं ज्यांच्यासाठी तो पहाटे उठला होता त्यांच्याकडे तो परक्याच्या लग्नाकडे पाहावं तसा पाहत राहिला. अंदाज चोरीला गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, चोर तेवढंच घेऊन गेला.

साळूबाई चहाचा ग्लास घेऊन शटरखालून वाकली आणि विचारती झाली, की कोण जिंकलं.

"कुडपण," किशोर म्हणाला. "चार-एक."

"हां," साळूबाई म्हणाली. "अनिल म्हणालाच व्हता."