फेड-आउटच्या पुढचं गाणं

मी विज्ञान शिकवते, हे आधी सांगते. भूतखेत, बाहेरची बाधा, अंगात येणं… या विषयांवर मी घरात आणि शाळेत इतकी भांडले आहे की हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहिते. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच.

मी मुरबाडला राहते. शाळा शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे एका वाडीत. किन्हवलीवरून स्कूटीने तासभर लागतो. त्या रस्त्यावर माझी सोबत म्हणजे एक गाणं. परदेशातल्या एका जुन्या रॉक बँडचं, माझ्या जन्माआधीचं, तेवीस मिनिटांचं. कॉलेजात हॉस्टेलच्या रूममेटने ऐकवलं आणि तेव्हापासून मी त्यात अडकले ती अडकलेच.

पहिली चार मिनिटं नुसता वारा आणि ऑर्गन. मग ड्रम्स, मग गाणाऱ्याचा दमलेला आवाज. चौदाव्या मिनिटाला सगळं थांबतं. नवीन माणसाला वाटतं, संपलं. आणि मग लांबून बासरीसारखे पाच सूर येतात – एकेक पायरी खाली उतरणारे. थोडं थांबून पुन्हा तेच. दरवेळी माझा श्वास तिथे अडकतो. शेवटी कोरस बारीक होत होत विरून जातो… फेड-आउट. माझा नवरा म्हणतो, "कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुझं गाणं सुरू होत नाही." त्याला ते कधीच आवडलं नाही.

तर एका शनिवारी सकाळची शाळा सुटली होती. मुलं गेली होती. मी वर्गात बसून हजेरी ऑनलाइन भरत होते आणि मोबाइलवर गाणं लावलं होतं. बाहेर यमुनाताई भांडी घासत होत्या. शाळेत खिचडी त्याच शिजवतात. पाच सूर वाजले आणि भांड्यांचा आवाज बंद झाला. बघते तर त्या दारात उभ्या, दोन्ही हात राखेने भरलेले.

"बाई, ह्यो आवाज तुमच्याकं कुठून आला?"

"गाणं आहे, यमुनाताई. इंग्रजी."

"नाय. ह्यो आमच्या यांचा हाय. डोहावरचा."

त्या तिथेच उंबऱ्यात बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचे यजमान किसनदादा. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. त्याआधी तीस वर्षं हा माणूस गुरं घेऊन ओढ्यावरच्या डोहापाशी जायचा आणि भर दुपारी तिथे बसून राहायचा. म्हणायचा, 'इथं वाजतंय.' दुसऱ्या कोणालाच काही ऐकू येत नसे. घरी आला की तेच गुणगुणायचा. वाडीत लोक हसायचे. भगत आणून उतरवून झालं. एका वर्षी यमुनाताई पोरीला घेऊन माहेरी निघून गेल्या होत्या.

"मी पण त्यांना येडाच म्हणलं, बाई," त्या खाली बघत म्हणाल्या. "तोंडावर म्हणलं."

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. खरं सांगायचं तर त्यांची समजूत काढायला. पाच सूर काय, इकडच्या गुराख्यांच्या कुठल्याही पावरीत, बासरीत सापडतील असं माझं मत होतं. ओटीवर खाटेवर किसनदादा पडलेले, नजर कौलांकडे. मी मुद्दाम गाणं पहिल्यापासून लावलं, थेट मधला भाग ऐकवला नाही. तेरा मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी मनात म्हटलं, झालं.

मग ती शांतता आली. आणि बासरी वाजायच्या आधी किसनदादांच्या घशातून आवाज आला. तेच पाच सूर. त्यांच्या पाठोपाठ मोबाइलमधली बासरी.

 पुढचा सगळा वेळ ते गाण्याच्या एक श्वास पुढे होते. वळण यायच्या आधी ते वळत होते. यमुनाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आवाज फुटला वो यांना. रेकॉर्ड करा. पोरीला पाठवू."

माझ्या मोबाइलवर गाणं चालू होतं, म्हणून मी त्यांच्या घरातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं; नंतर ते स्वतःलाही पाठवून घेतलं. कोरस बारीक झाला, विरला, गाणं संपलं. मी मोबाइल उचलायला हात पुढे केला आणि थांबले. किसनदादा थांबले नव्हते. उतरणारे सूर आता वर चढायला लागले होते, कुठेतरी अडखळून परत फिरत होते. दोनेक मिनिटं हे चाललं. मग खोकल्याची उबळ आली आणि ते पुन्हा गप्प झाले.

यमुनाताई त्यांच्या उशाशी बसल्या. "आयकलं मी," एवढंच म्हणाल्या. "आयकलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानंतर महिनाभरात किसनदादा गेले. पुन्हा आवाज काही निघाला नाही.

मी स्वतःची समजूत घातली होती. डोहाच्या वरच्या धबधब्याकडे सहलीला जाणारे लोक स्पीकर घेऊन फिरतात. कधीकाळी कोणाचा रेडिओ लागला असेल. माणूस एकदा ऐकलेलं आयुष्यभर धरून ठेवू शकतो. शेवटची दोन मिनिटं – ती त्यांची स्वतःची.

गेल्या वर्षी त्या बँडच्या उरलेल्या लोकांनी त्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकलं. फेड-आउट न केलेलं. सोबत लिहिलं होतं की कापलेला हा भाग इतकी वर्षं जुन्या टेपांच्या पेटीत पडून होता, बाहेर कधीच आला नव्हता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. कोरसच्या खालून सूर वर चढायला लागले… आणि मी गॅस बंद करून किसनदादांचं रेकॉर्डिंग शोधायला लागले.

नवऱ्याला काही न सांगता मी दोन्ही रेकॉर्डिंग, एक माझ्या आणि एक त्याच्या मोबाइलवर, त्याच्यापुढे ठेवली. त्याने आलटून पालटून चार वेळा ऐकली. "अडखळतात ते पण एकाच जागी," तो म्हणाला. मग दोन्ही मोबाइल उलटे ठेवले आणि उठून गॅलरीत गेला.

सोमवारी मी ते यमुनाताईंना ऐकवलं. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. बँडची टेप मध्येच संपते, एका सुरावर तुटते. त्यापुढे काही नाही.

"आजून हाय फुडं," यमुनाताई म्हणाल्या.

"टेपच संपली हो."

"तुमची संपली. आमचे हे तर रोज म्हणायचे माझ्याजवळ." आणि त्यांनी तुटलेल्या सुरापासून पुढे गुणगुणायला सुरुवात केली, तांदूळ निवडता निवडता, अगदी सहज. बराच वेळ.

मी ते रेकॉर्ड केलं नाही. हात मोबाइलकडे गेलाच नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही, बाकीचं तर सोडाच.