अर्थिंगची तार

आमच्या डोंबिवलीच्या प्रयोगशाळेत यंत्रे बसवायला येणारे वायरमन काका वाक्य अर्धेच बोलतात. उरलेले "होऊन जाईल" म्हणून उरकतात. सोमवारी त्यांनी हजार अंशांवर चालणारी नवी भट्टी बसवली, तेव्हा तिची माहितीपुस्तिका त्यांनी बसायला खाली घेतली होती.

भट्टी लावली की ब्रेकर पडत होता. नव्या विटा दमट असतात आणि त्यातून वीज गळते, म्हणून तो दमटपणा आधी मंद आचेवर घालवावा लागतो. त्याला दोन दिवस जातात. दुपारी मात्र ब्रेकर पडायचा अचानक थांबला. मी भट्टी बंद करून मागचे झाकण उघडले. गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार कापलेली होती.

"ही का कापलीत?"

"मॅडम, तिच्यामुळेच ट्रिप होत होतं ना. आता बघा, मक्खन चालतंय."

"आमच्या सफाईच्या मावशी रोज ओल्या फडक्याने हे पुसणार आहेत. शॉक बसला तर?"

"काय नाय होत हो. वीस वर्षं हेच करतोय."

"मग मी चालू करते. तुम्ही चप्पल काढून भट्टीच्या दरवाज्याला हात लावा."

त्यांनी चप्पल काढली नाही. पक्कड उचलून ते तार जोडू लागले.

अज्ञान असते तर मी समजावले असते. स्वतःच्या हाताला जे चालणार नव्हते, ते त्यांनी मावशींच्या हातासाठी तयार करून ठेवले होते.