सताड

आमच्या बेटावर माझ्या वडिलांना 'सताड' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, तेवढी लाज शिल्लक होती. पाठ वळली की म्हणत. दार सताड उघडं टाकतात, त्यातला सताड. हे नाव पाडणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांच्या होड्या बाबांमुळे वेळेवर घरी यायच्या. त्याचा मला आजही राग येतो आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

बाबा बंदराच्या तोंडावरची जाळी सांभाळायचे. बेटावर आरमाराचा तळ होता. शत्रूचं काही आत शिरू नये म्हणून दोन दगडी बांधांच्या मध्ये पोलादी कड्यांची जाळी सोडलेली असे. एका बांधाच्या टोकाला बाबांची केबिन. तिच्यात वाफेवर चालणारा रहाट, एक किटली, आणि त्या रहाटाच्या आवाजानं अर्धे बहिरे झालेले बाबा. जहाज आलं की जाळी ओढून बाजूला घ्यायची, आत गेलं की परत लावायची.

नियमाप्रमाणे प्रत्येक होडीमागे जाळी बंद व्हायला हवी होती. पण तो रहाट म्हणजे म्हातारी म्हैस. उठायलाही वेळ, बसायलाही वेळ. नियमानं चाललं असतं तर सकाळच्या मासेमारीच्या होड्या दुपारपर्यंत बाहेर ताटकळल्या असत्या आणि मासे नासले असते. म्हणून एकदा सगळे होडीवाले मिळून बाबांकडे आले. पुढे होता माझा काका, बाबांचा धाकटा सख्खा भाऊ.

"दादा, पहिली होडी आली की उघड आणि शेवटची आली की लाव," काका म्हणाला. "मधे कशाला ती उघडझाप?"

बाबांना भिडेपोटी नाही म्हणता यायचं नाही. ते हो म्हणाले आणि तीच रीत पडली. तळावरच्या मोठ्या साहेबाला हे ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. त्याच्या ताटात रोज ताजा मासा पडायचा, तो काय आभाळातून यायचा?

शेवटची होडी कायम काकाची. 'हा जन्मालासुद्धा उशिराच आला असणार,' असं आई म्हणायची. बाबा हसायचे आणि थांबायचे. घरातही त्यांचं तेच होतं. सगळे आत आल्याशिवाय कडी लावू द्यायचे नाहीत. "माणूस बाहेर असताना दार लावतात का?" असं विचारायचे, आणि आम्ही थंडीत कुडकुडत बसायचो.

सामुद्रधुनीच्या त्या युद्धात विमानं नुसती टेहळणीपुरती होती. जे काही व्हायचं ते पाण्यावरच. आणि हल्ला झाला त्या आठवड्यात तर युद्ध सुरूही झालेलं नव्हतं. दोन्हीकडचे मंत्री तहाच्या टेबलाशी बसून एकमेकांना चहा पाजत होते. तळावर सुटीचा दिवस. तोफांवर कापडं घातलेली, खलाशी दाढ्या करत बसलेले. सकाळी दाट धुकं पडलं होतं. होड्या एकेक करून आत आल्या, काकाची तेवढी राहिली.

बाबांच्या जोडीला असलेला फिटर म्हणाला, "लावू या का? धुक्याचं काही खरं नाही."

"भाऊ बाहेर आहे," बाबा म्हणाले.

काकानं त्या दिवशी जाळं एकदा जास्तीचं टाकलं होतं. मासा चांगला लागला होता म्हणे. अखेर धुक्यातून त्याचा भोंगा वाजला, होडी आत आली, आणि तिच्या इंजिनाच्या धडधडीआड लपून तिच्या मागोमाग शत्रूच्या टॉर्पेडो बोटी आत आल्या. बुटक्या, राखाडी, दिवे विझवलेल्या. बाबांनी रहाटाचा दांडा जिवाच्या आकांतानं ओढला. म्हैस सावकाश उठली. जाळी निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात पहिलं जहाज फुटलं. वर आमच्या घरी खिडकीच्या काचा आईच्या पिठाच्या परातीत पडल्या.

नांगरलेल्या जहाजांपैकी एकही धड राहिलं नाही. काकानं होडी वळवली आणि जळत्या तेलातून खलाशी ओढून काढले. त्यात त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही.

चौकशी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. बाबांना पोरांच्या बाकावर बसवलं होतं. गुडघे छातीशी आले होते. प्रश्न विचारायला कोण, तर तोच मासे खाणारा साहेब. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"जाळी उघडी ठेवायला तुला कुणी सांगितलं?"

बाबांनी मान वर करून हॉलकडे पाहिलं. सगळे होडीवाले तिथं होते. पहिल्याच रांगेत काका, हाताला पांढरंशुभ्र बँडेज. आई त्याच्याकडे एकटक बघत होती. मी आईच्या मांडीवर होते. काकानं बँडेजचा सुटलेला धागा ओढला आणि तो बोटाला गुंडाळत बसला.

"माझीच सवय होती, साहेब," बाबा म्हणाले.

त्यांना तुरुंग मिळाला आणि काकाला पदक. बाबा सुटून आले तेव्हा तळावर काम मिळणं शक्यच नव्हतं. ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला लागले. त्यांची बोटं कायमची बधिर झाली; शर्टाची बटणं आई लावून द्यायची. काका दर आठवड्याला मासे पाठवायचा. आईनं त्यांच्यावर मांजर पोसलं. इतकं माजोरी मांजर बेटावर दुसरं नव्हतं.

एकदा आईनं काकाला रस्त्यातच गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, मी बोललो असतो तर सगळ्यांच्या होड्या बंद केल्या असत्या. एकाचं गेलं, गाव तरलं." गावाचं तरलं आणि आमचं बुडालं, एवढाच काय तो हिशेब. पुढे युद्ध संपलं, तळ हलला, साहेब मेला. मग भीती कुणाची उरली होती? तरी काका बोलला नाही. हल्ल्याच्या दिवशी दरवर्षी धक्क्यावर सभा व्हायची आणि काका पदक लावून भाषण करायचा. मला बघायला आलेल्या दोन स्थळांना चहा पिता पिता कळलं की ही सताडची मुलगी, आणि त्यांनी चहा अर्धाच ठेवला. बाबा मात्र भावाला एक शब्दही वावगं बोलले नाहीत. घराची कडी सगळे आत आल्यावरच लागत राहिली.

गेल्या वर्षी बाबांना दवाखान्यात ठेवलं. फुप्फुसं गेली होती. डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली बघायला लागले तेव्हा मी काय ते समजले. हल्ल्याचा दिवस जवळ आला होता. बाबांनी मला जवळ बोलावलं.

"काकाला सांग," ते म्हणाले, "म्हणावं, यंदा बोल. एकदाच. लोकांसमोर."

उभ्या जन्मात त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. मी काकाकडे गेले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगतो, बाळे," तो म्हणाला. "दादाची शपथ, यंदा सगळं सांगतो." मी वेडी, विश्वास ठेवला.

दवाखाना धक्क्याच्या वरच्या अंगाला आहे. सभेचा कर्णा खोलीत स्वच्छ ऐकू यायचा. मी खिडकी उघडली, बाबांच्या पाठीला उशी लावली, आणि बऱ्या कानाची बाजू खिडकीकडे केली. नर्सनं त्यांचा चेहरा पुसून दिला. काकाचं भाषण सुरू झालं. जळतं पाणी, तेल, खलाशांच्या हाका, सगळं दरवर्षीसारखंच. मग तो थांबला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"आज एक गोष्ट बोलायची आहे," कर्ण्यातून काका म्हणाला. "त्या दिवशी ज्याच्या हातून दार उघडं राहिलं, तो माझा सख्खा भाऊ. आज तो अंथरुणाला खिळलाय. लोक त्याला नावं ठेवतात. पण मी तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, मी त्याला केव्हाच माफ केलंय!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की संपता संपेना. बाबांनी मनगट सोडलं. मी उठून खिडकी लावली.

सभा संपल्यावर बाहेरच्या जिन्यावर बरीच पावलं वाजली. काका भेटायला येत होता. बरोबर लोक होते, कुणाच्या तरी हातात कॅमेरा होता. खोलीचं दार उघडंच होतं. दूरवर व्हरांड्याच्या टोकाला मला त्याचं पदक दिसलं.

"दार लाव," बाबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट दिसत नसावं. "बाबा, काका आहेत. बाहेर आहेत अजून."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "लाव."

मी दार लावलं आणि कडी घातली.