मिलच्या संघाचे नवे बूट

रुपराव धकातेला मिलनं नोकरी दिली ती त्याच्या पायांकडे पाहून. मूळचा तो उमरेडचा कोष्टी. लहानपणापासून हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. पायाखाली चार पावड्या, कोणती कधी दाबायची ते डोळ्यांनी पाहायचं नसतं, अंगठ्याला कळतं. तोच अंगठा पुढं फुटबॉललाही कळू लागला. नागपूरच्या मिलवाल्यांनी एकदा त्याला अनवाणी खेळताना पाहिलं आणि उचलून आणलंच म्हणा ना! नावाला साच्यावर, म्हणजे मिलच्या यंत्रमागावर काम, खरं काम बॅकला उभं राहून चेंडू अडवायचं. मिलच्या चाळीत खोली मिळाली, बायको गोपिका आली, बारा वर्षं बरी गेली.

छत्तीस सालात मिल विकली गेली. नवे मालक कलकत्त्याचे. त्यांनी यंत्रं पाहिली, गोदामं पाहिली आणि मग फुटबॉलचा संघ पाहिला. म्हणाले, हे काय, मिलची माणसं उघड्या पायानं खेळतात? लाज वाटली त्यांना. आता लाज वाटायला ते कधी मैदानात उतरले होते, देव जाणे! पण हुकूम सुटला. मॅनेजर वामनरावांनी सगळ्या खेळाडूंना बोलावून तो वाचून दाखवला. हंगामभर बूट घालूनच खेळायचं. विनाबूट जो दिसेल त्याचं नाव मिलच्या मस्टरवरून कटेल. संघ फायनलला पोचला नाही तर संघच बंद, आणि खेळासाठी ठेवलेली माणसंही बंद.

शेवटची ओळ वामनरावांनी दोनदा वाचली. ते जुन्या मालकांच्या वेळचे. नव्यांनी त्यांनाही याच हंगामापुरतं ठेवलं आहे, अशी कुजबुज होती.

बूट आले. काळे, जाड, खाली चामड्याचे खुंटे. रुपराव ते घालून दिवसाउजेडी चाळीच्या अंगणात चालू लागला तेव्हा गोपिका दारात तांदूळ निवडत होती.

"काहून असे चालून राहिले? चिखलात फसलेल्या म्हशीवानी!"

"हास वं, हास. नाव कटलं म्हणजे समजन तुले."

तिचं हसू तिथंच थांबलं. सुपातला खडा तिनं दोनदा उचलला आणि दोनदा परत टाकला.

पहिल्याच साखळी सामन्यात फजिती झाली. चेंडू सरळ पायात आला आणि रुपरावला तो कळलाच नाही. बुटाच्या आत पाय बहिरा झाला होता. चेंडू निसटला, गोल झाला, सामना हरले. परत येताना वामनराव हळूच म्हणाले, "रुपराव, अजून एक असा गोल झाला तं मी काही करू शकणार नाही गा." रुपरावनं मनात हिशेब केला. छत्तीस वर्षांचं वय, मस्टरवर तिशी लिहिलेली. या वयात दुसरी कोणती मिल पाय पाहून नोकरी देणार?

दुसऱ्या दिवशी तो गांधीबागेच्या कोपऱ्यावर रामाजी मोच्याकडे गेला. मान खाली घालून म्हणाला, "रामाजी, याचे तळ काढून दे. वरून बूट दिसला पाह्यजे. खालून पाय मोकळा पाह्यजे."

रामाजी ना हसला, ना त्यानं काही विचारलं. "तळव्याखालून एक पट्टी ठेवतो, म्हणजे निसटणार नाही. ठेवून जाय. या सालात बुटाचं काम लई आलं बाप्पा."

रुपरावचं त्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. "कोणाले सांगू नको," एवढं त्यानं तीनदा सांगितलं. कापलेले तळ मात्र फेकले नाहीत. मिलचा माल होता तो. फडक्यात बांधून पेटीत ठेवले.

पाय पुन्हा बोलू लागला. दुसरा सामना जिंकला, तिसराही. पण जीव कसा टांगणीला लागला होता! बसला तर पाय जमिनीला चिकटवून बसायचा. मैदानावर जाताना दगड टोचला तरी तोंड वाकडं करायची चोरी. कोणी जवळ आलं की त्याला वाटायचं, कळलं याला. हाफटाइमला सगळे खेळाडू एकमेकांपासून लांब लांब बसायचे, पण ज्याला स्वतःचीच धास्ती, त्याला दुसऱ्याचं काय दिसणार?

सेमीफायनल कस्तुरचंद पार्कवर होती, कामठीच्या पलटणीशी. आदल्या दिवशीच्या पावसानं चिखल झालेला. शेवटच्या पाच मिनिटांत पलटणीचा गडी एकटाच चेंडू घेऊन सुटला. रुपराव आडवा झाला, चेंडू बाहेर गेला आणि त्या गड्याच्या बुटाचा खुंटा त्याच्या उघड्या तळव्यात शिरला. डॉक्टर पेटी घेऊन धावले.

"बूट काढा."

"काही नाही साहेब, काही नाही!" म्हणत तो लंगडत उठलाच. सामना एका गोलानं जिंकला.

लोक आरडाओरडा करत आत शिरले. वामनरावही आले, पण रुपरावकडे न बघता ते खाली बघत होते. गोलासमोरच्या चिखलात पाच बोटांचे ठसे उमटले होते. एक नव्हे, दोन नव्हे, सगळीकडे. रुपरावला घाम फुटला. एवढे ठसे आपण एकट्यानं उमटवले?

घरी गोपिकेनं जखम धुतली. बूट उलटा करून पाहिला तर हात आरपार गेला. "अवं माय! आता का होईन?"

"मस्टरवरून नाव कटन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

सोमवारी शिपाई सगळ्यांचे बूट पॉलिशसाठी म्हणून गोळा करून घेऊन गेला. मग अकरा जणांना ऑफिसात बोलावणं आलं. वामनरावांच्या टेबलावर बूट उलटे मांडलेले होते. दार लावून घेतल्यावर ते कोणाकडेच न बघता म्हणाले, "हे कोणाचं डोकं?"

रुपरावनं बाकीचे बूट बघितलेच नाहीत. बरोबर आणलेलं फडकं सोडून त्यानं आपले तळ टेबलावर ठेवले. "माहं डोकं साहेब. माल फेकला नाही. माहं नाव काटा, पन संघ बंद नका करू."

तेवढ्यात शेजारचा देवराव खाकरला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून दोन तळ काढून ठेवले. मग चंपतरावनं. मग एकेकानं. कोणी फडक्यातून, कोणी कागदातून. रुपराव आ वासून बघत राहिला. प्रत्येक जण आपापला एकटाच रामाजीकडे गेला होता, प्रत्येकानं त्याला कोणाला सांगू नको म्हणून विनवलं होतं आणि त्या माणसानं खरंच कोणाला सांगितलं नव्हतं. शाबूत बूट फक्त गोलकीपर केशवचे. तो बिचारा ओशाळून कोपऱ्यात उभा राहिला.

वामनराव खुर्चीत बसले. म्हणाले, "रविवारी कलकत्त्याहून शेटजी स्वतः फायनल पाहायला येऊन राहिले. संघ नाही उतरला तं पहिलं नाव माझं कटते. बूट चमकवून आणा. आणि बाप्पाहो, खाली पडू नका. पडलेच तं पाय वर करू नका!"

फायनल जिंकली. शेटजी म्हणाले, पाहिलात ना बुटाचा गुण? रुपरावचं नाव मस्टरवर राहिलं.

त्या दिवशीचा फोटो मिलच्या फाटकाजवळ बरीच वर्षं लागलेला होता. संघाच्या फोटोत पुढची रांग मांडी घालून बसते. यात सगळे ताठ उभे आहेत, वामनरावांनी कोणाला बसूच दिलं नव्हतं. खेळाडू समोर बघत आहेत. वामनराव तेवढे खाली, बावीस पायांकडे बघत आहेत.