मामलेदारांच्या गुलाबांतला नागरमोथा

वकिली सोडल्यावर नाशकातल्या घरामागे मी जो वाफा केला, त्यात विलायती फूल एकही नव्हते. हरसूलच्या बाजारास गेलो की डोंगरातले कंद आणीत असे. रानहळद, कळलावी आणि नागरमोथा. नागरमोथ्याला लोक गवत समजतात. त्याचा देठ बोटांत फिरवून पाहावा; तीन धारा हाताला लागतात, गवताला त्या नसतात. हे सारे पावसाळ्यात वर येते आणि दिवाळीनंतर वाळून जमिनीत निजते. वैशाखात पाहणाऱ्यास दिसते ती नुसती उघडी माती.

शेजारी निवृत्त मामलेदार राहत. फुलांच्या प्रदर्शनात त्यांच्या गुलाबांना दर थंडीत बक्षीस ठरलेले. एका वैशाखात आम्ही सायखेड्यास लग्नाला गेलो होतो. परत येऊन पाहतो तो वाफ्याच्या जागी खड्डा.

"वकीलसाहेब, तिथं होतं काय?" कुंपणापलीकडून मामलेदार म्हणाले. "नुसती माती वाया चालली होती. आमच्या गुलाबांना घातली."

"तिच्यात माझे कंद होते. कित्येक वर्षांचे."

"कंद! अहो, एक हिरवं पान दाखवा, मग भांडा."

वैशाखात पान दाखवणे ब्रह्मदेवासही साधले नसते. मी कंद परत मागणारे पत्र धाडले. उत्तरात त्यांनी, माती रिकाम्या जागेतली असून आपल्या गुलाबांत घातली आहे, असे सहीनिशी लिहून दिले. ते वाचून मी त्या रात्री शांत झोपलो.

श्रावणात गुलाबांच्या बुंध्याशी नागरमोथा दाटला. कळलावी तर त्यांच्या लाडक्या झाडावर चढून पेटल्यासारखी फुलली. माळी खुरपे घेऊन बसला, तोच माझे दुसरे पत्र पोहोचले: सदर झाडे माझी मिळकत असून आपल्या लेखी कबुलीप्रमाणे आपल्या ताब्यात आहेत, कंद पक्व झाल्यावर कार्तिकात मी ती नेईन, तोवर एका पानास इजा झाल्यास दावा दाखल होईल. जन्मभर दुसऱ्यांना समोर उभे करणाऱ्या माणसाला स्वतः पिंजऱ्यात उभे राहण्याची फार भीती असते. माळी खुरपे घेऊन उठला. गुलाब पिवळे पडत गेले.

"अहो, पुरे झालं आता," आमची मंडळी म्हणाली. "मामलेदारांच्या बाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या."

"त्यांनी माझा वाफा खणला तेव्हा कुणी पुरे म्हटलं होतं?"

कार्तिकात मी कुदळ घेऊन गेलो. कळलावीचा कंद नांगरासारखा वाकडा आणि ठिसूळ. त्याला धक्का लागू नये म्हणून गुलाबांची मुळे तोडावी लागली. लागली कसली, तोडली. मामलेदार ओसरीवर बसून पाहत होते.

"झालं समाधान?" शेवटी ते म्हणाले. "मिळाले ना तुमचे कंद?"

"कंद मिळाले, रावसाहेब. माती राहिली आहे," मी म्हणालो आणि पाटी भरायला घेतली.