एसटी अडवणारे आण्णा

आमचे आण्णा दरवर्षी एसटी अडवायचे.

मोर्चा नाही, मागणी नाही. जेवायला घालण्यासाठी.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या लातूर-नांदेडकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे झोपडी, करायची, आत पांडवांची पूजा मांडायची, मग दाणे-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडकंभर ताकातली आंबील.

आणि शेताजवळून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही.

आता आमचं शेत नेमकं राज्य महामार्गाला लागून. मग जाणारा कोण, तर अख्खी एसटी!

आण्णा म्हणजे माझे थोरले काका. रस्त्याच्या मधोमध उभे राहून उपरणं हलवायचे. बस थांबायची, प्यासेंजर उतरायचे, बांधावर पंगत बसायची. “टाइम व्हायलाय” म्हणून ओरडणारा कंडक्टरच भज्जी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा.

नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. हा आमचा रस्ता.

आजोबा सांगायचे, निजामाच्या काळात ती नुसती बैलगाडीची वाट होती, दोन्ही बाजूंना चिंचा. मग मुरूम आला, मग खडी. बहात्तरच्या दुष्काळात ही खडी फोडायला आण्णा स्वतः होते. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं.

त्या साली कुणाच्याच शेतात येळवस नव्हती. तेव्हा एका एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि स्वतःचा डबा कामावरच्या पोरांत वाटून टाकला. आण्णांच्या वाट्याला चतकोर भाकरी आली.

“त्या भाकरीची चव अजून तोंडात हाय,” एवढंच म्हणायचे. बस अडवायचं कारण विचारलं की हे उत्तर.

मग बायपास झाला.

गाड्या गावाला वळसा घालून सुसाट जायला लागल्या. आमच्या रस्त्याचा हुद्दा गेला, नंबरचा बोर्डही गेला. पुढाऱ्याची खुर्ची गेल्यावर त्याच्या बंगल्यासमोर असतं ना, तसं सामसूम झालं.

आणि त्या पहिल्याच येळवशीला आण्णांनी काय करावं? नेहमीसारखा एसटीभर स्वयंपाक करायला लावला.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. काकू कपाळाला हात लावून बसली. गाड्या आता तिकडून जातात हे ठाऊक नव्हतं का, म्हणाली.

“ठाऊक हाय की. पण येळवशीला तरी इकडून येतील म्हणलं.”

आम्ही पोटभर हसलो. आण्णा हसले नाहीत. त्यांनी बाळूला, म्हणजे त्यांच्या मुलाला, मोटारसायकल काढायला लावली आणि थेट बायपासवर जाऊन उपरणं हलवलं.

एका एसटीनं कचकन ब्रेक मारला. ड्रायव्हरला वाटलं अॅक्सिडेंट झाला. तो घाबरून खाली उतरला, काय झालं मामा म्हणून विचारायला लागला.

“काय न्हाई. येळवस हाय. जेवून जावा.”

ड्रायव्हर आधी चिडला, मग हसत सुटला. त्यानं प्यासेंजरना विचारलं. प्यासेंजर आपल्याच भागातले, येळवशीला नाही कोण म्हणतंय? बस खड्ड्यांतून डुलत जुन्या रस्त्यानं आमच्या बांधाला लागली. पुढे तो ड्रायव्हर दर येळवशीला न बोलावता यायचा.

गेल्या वर्षी येळवस तोंडावर आली असताना आण्णा गेले. घरात सुतक. चूल पेटली नाही.

यंदा बाळूनं काकूला आधीच सांगितलं, “तो ड्रायव्हर रिटायर झाला. आता कोण येतंय? यंदा कुणी आलं न्हाई तर पुढल्या सालापासून घरच्यापुरतंच करायचं.”

तो चुकीचं बोलत नव्हता. काकूनं ऐकून घेतलं आणि नेहमीएवढीच मोठी पातेली घासायला काढली.

मला मात्र भीती वाटत होती. भरल्या पातेल्यांपाशी ही एकटी बसून राहिली तर? नवरा गेला, आता त्याची येळवसही जाणार.

आज दुपार झाली. पूजा आटोपली. रस्ता मोकळाच. बाळू पातेल्यांवर झाकणं ठेवत होता, ते तर जास्तच लागत होतं.

काकू उठली. पिशवीतून आण्णांचं उपरणं काढलं आणि रिकाम्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, सावलीत बस, गाडी आली की हाक मारते.

“उभं राहिल्याशिवाय थांबतील कशाला?” ती म्हणाली.

बराच वेळ ती तशीच उभी होती. मग वळणावर हॉर्न वाजला.

एसटी! चालवणारी एक तरुण पोरगी, खाकी ड्रेसमधली. खाली उतरून म्हणाली, “काकू, उशीर झाला. आमच्या सरांनी रिटायर होताना बजावलंय, येळवशीला जुन्याच रस्त्यानं जायचं. मामा कुठं हायत?”

काकूनं उपरणं खांद्यावर टाकलं. “ते गेले, बाई. तू हात धू आधी.”

बसमागं एक टेम्पो होता, त्याच्यामागं दोन कार. कधीतरी इथं जेवून गेलेली माणसं, बायकापोरं घेऊन आलेली. मी रडत रडत भज्जी वाढत होते आणि बाळू वाकून वाकून आंबील वाटत होता.

घरच्यांना आंबील उरलीच नाही. बाळूनं रिकामं मडकं पालथं घातलं आणि म्हणाला, “आई, पुढल्या साली अजून एक मडकं लागंल.”

काकू वर्षभरात पहिल्यांदा हसली.

आण्णा, गाडी थांबली बरं का. तुमच्याच रस्त्यावर.

आम्हा घरच्यांची, आणि जेवून लातूरला गेलेल्या एसटीभर माणसांची, तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली.