सावकाशरावांचं यान

ऑफिसात सगळे त्यांना सावकाशराव म्हणत आणि तेही त्या नावाला खुशाल ओ देत. चंद्राकडे निघालेल्या एका छोट्या यानाचं आयन इंजिन त्यांनी बांधलं होतं. त्यात ना आगीचा लोळ, ना कानठळ्या बसवणारा आवाज. झेनॉन वायूच्या कणांना विजेचा भार द्यायचा आणि विजेच्याच जोरावर त्यांना मागे फेकायचं. त्यातून मिळणारा रेटा केवढा, तर तळहातावर दोन-चार कागद ठेवावेत एवढा. पण तो महिनोन् महिने मिळत राहतो. यान पृथ्वीभोवती फिरता फिरता दर फेरीला जरासं लांब सरकतं आणि वर्षभराने चंद्रापाशी पोचतं. मोठ्या रॉकेटवाल्यांचं हे काही दिवसांचं काम. "काय हो, चालत निघालात की काय?" अशी ते चेष्टा करत. सावकाशराव मिशीतल्या मिशीत हसत. त्यांचं इंजिन त्या रॉकेटांच्या मानाने चिमूटभर इंधनावर भागवायचं.

घरी बायको होती. खिडकीशी मशीन मांडून ती लोकांचे कपडे शिवायची. "यांचं यान आणि यांची आंघोळ, दोन्हींची वाट बघत बसायचं," असं ती शेजारणींना सांगायची आणि नवऱ्याला चहा मात्र हातात नेऊन द्यायची.

यान निघालं आणि त्याच सुमाराला तिच्या पोटात दुखायला लागलं. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून ती शिवत राहिली. एकदा जेवताना म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

इंजिन त्या आठवड्यात मधूनमधून आपोआप बंद पडत होतं. सावकाशरावांचं डोकं तिकडेच होतं. "एवढं मार्गी लागू दे, मग जाऊ," ते म्हणाले.

"जाऊ की," ती म्हणाली.

इंजिन मार्गी लागलं, डॉक्टर राहून गेले. घरी आले की ते यान कुठवर गेलं ते सांगत, ती पडल्या पडल्या ऐकायची. आताशा ती पडूनच असते, हे त्यांना दिसत होतं. दमत असेल, असं ते धरून चालले.

परगावी नोकरी करणारी मुलगी सुट्टीला आली. त्याच दिवशी तिने आईला दवाखान्यात नेलं. आजार सगळीकडे पसरला होता. फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. कुणी केला ते त्यांनी विचारलं नाही.

दवाखान्यातही ती विचारायची, कुठवर आलं? ते म्हणायचे, आलंच आता. चंद्राची ओढ यानाला जाणवू लागली होती, त्या दिवसांत ती गेली.

यान चंद्राभोवती फिरायला लागणार, त्या दिवशी सावकाशराव कामावर गेले. त्या इंजिनाचे नखरे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. ठरल्याप्रमाणे सगळं झालं. चेष्टा करणाऱ्यांनीच त्यांना मिठ्या मारल्या. दोन शब्द बोला म्हणून त्यांना उभं केलं, तर "आलं," एवढंच म्हणून ते खाली बसले.

घरी मुलगी आईचे कपडे बॅगेत भरत होती. मान खाली ठेवूनच तिने विचारलं, "बाबा, आईने तुम्हाला सांगितलं होतं?"

तिने लपवलं असं ते म्हणाले असते तर खपून गेलं असतं. आईचा स्वभावच तसा होता.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "यान नुकतंच निघालं होतं तेव्हा. डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाली होती."

मुलीच्या हातातलं झंपर तसंच राहिलं. ती ओरडेल, निदान रडेल, म्हणून ते वाट बघत उभे होते.

"मला वाटलं होतं, तिनेच लपवलं असेल," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

मुलगी नोकरीच्या गावी परत गेली. फोन करते अजून. जेवलात का विचारते, गोळ्या घेतल्यात का विचारते. ते हो म्हणतात. मग ती म्हणते, "बरं, ठेवते."